फायली आपल्या, डिस्कही आपली

जानेवारी २०१० मध्ये अमेरिकेतल्या सॅन दिएगो शहरात केडीई या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या कार्यकर्त्यांचा मेळावा भरला होता. तिथे फ्रँक कार्लिचेक या जर्मन प्रोग्रॅमरने ओनक्लाउडची कल्पना मांडली. ड्रॉपबॉक्स तोवर चांगलंच रुळलं होतं. फायली कुठूनही उघडता येतात ही सोय लोकांना हवीच होती, पण त्यासाठी घरचे फोटो आणि कागदपत्रं परक्या कंपनीच्या हवाली करावी लागत. सोय तीच राहावी आणि डिस्क मात्र आपली असावी, एवढंच कार्लिचेकचं म्हणणं होतं.

ते पटणारे पुष्कळ होते, निभावणारे थोडे. ओनक्लाउड घरच्या संगणकावर बसवायचं तर वेब सर्व्हर, पीएचपी आणि डेटाबेस हे तिन्ही एकमेकांशी जुळणाऱ्या आवृत्त्यांचे लागत. त्याच यंत्रावर दुसरं काही चालत असेल आणि त्याला पीएचपीची वेगळी आवृत्ती हवी असेल, तर दोघांचं भांडण ठरलेलं. २०१२ मध्ये ३५ डॉलरचा रास्पबेरी पाय हा छोटा संगणक आला आणि घरात चोवीस तास सर्व्हर चालू ठेवणं स्वस्त झालं, पण ही डोकेदुखी काही कमी झाली नाही.

तिच्यावरचा उतारा फार जुन्या विचारात होता. १९७९ च्या सुमारास युनिक्समध्ये ‘सीएचरूट’ आलं: एखाद्या प्रोग्रॅमला एकच फोल्डर दाखवायचं आणि तेच त्याचं सगळं जग आहे असं भासवायचं. २००० साली फ्रीबीएसडीने त्यावर ‘जेल’ उभारली. पुढे गूगलच्या इंजिनिअरांनी प्रोसेसर आणि मेमरीच्या वापरावर मर्यादा घालणारी यंत्रणा लिहिली आणि २००८ मध्ये ती लिनक्सच्या कर्नलमध्ये दाखल झाली. प्रोग्रॅमला असं कुंपणात ठेवणाऱ्या ‘कंटेनर’चे सुटे भाग तयार होते, पण ते जोडायला तज्ज्ञच लागत असे.

मार्च २०१३ मध्ये सांता क्लारा इथल्या पायकॉन परिषदेत सॉलोमन हाइक्स याने पाचेक मिनिटांच्या भाषणात डॉकर दाखवलं आणि ही अडचण दूर होऊ लागली. प्रोग्रॅम आणि त्याला लागणारं सगळं सामान एका इमेजमध्ये बांधायचं, ती इमेज कुठल्याही लिनक्स यंत्रावर उतरवून चालवायची. तीनच महिन्यांनी एडवर्ड स्नोडेनची कागदपत्रं प्रसिद्ध झाली. मोठ्या कंपन्यांकडच्या माहितीपर्यंत अमेरिकी हेरखातं कसं पोचतं हे जगाला कळलं आणि कार्लिचेकची कल्पना एकाएकी निकडीची वाटू लागली.

आज घरच्या सर्व्हरवर हे सगळं बसवण्याचं काम डॉकरच्या वीस-पंचवीस ओळींच्या कंपोज फाइलमध्ये मावतं. एक कंटेनर ओनक्लाउडमधूनच निघालेल्या नेक्स्टक्लाउडचा, एक मारियाडीबी या डेटाबेसचा. ‘८०८०:८०’ या ओळीने घरच्या यंत्राचं ८०८० क्रमांकाचं पोर्ट कंटेनरच्या ८० ला जोडलं जातं. खरी मोलाची ओळ व्हॉल्यूमची. फोटो आणि डेटाबेस कंटेनरमध्ये राहत नाहीत, बाहेरच्या डिस्कवर राहतात. म्हणून कंटेनर पुसून नवी आवृत्ती उतरवली तरी फायलींना धक्का लागत नाही. ती ओळ विसरली, तर कंटेनर काढून टाकताना फायली हाताशी राहतीलच याची खात्री नाही. अर्थात व्हॉल्यूम म्हणजे बॅकअप नव्हे. डिस्क मेली की तिच्यावरचं सगळं गेलं. दुसरी प्रत दुसऱ्या जागी हवीच.

नेक्स्टक्लाउड हे नाव आलं ते एका फाटाफुटीतून. ओनक्लाउडभोवती कंपनी उभी राहिली होती. एप्रिल २०१६ मध्ये कार्लिचेकने ती सोडली आणि जूनमध्ये बऱ्याच जुन्या सहकाऱ्यांसह नेक्स्टक्लाउड जाहीर केलं. एरवी अशा भांडणात वापरणारा मधल्यामध्ये अडकतो. इथे तसं झालं नाही, कारण मूळ कोड एजीपीएल परवान्याखाली खुला होता: तो उचलून पुढे नेण्याचा हक्क प्रत्येकाला होता. या इतिहासात डॉकरइतकंच श्रेय या परवान्याला द्यायला हवं. जुने वापरकर्ते आपल्या फायली आणि डेटाबेस घेऊन नव्या घरी आले. २०१८ मध्ये जर्मनीच्या केंद्र सरकारच्या माहिती-तंत्रज्ञान केंद्रानेही सरकारी कर्मचाऱ्यांच्या फायलींसाठी नेक्स्टक्लाउडच निवडलं.