पाच-दहा सेंटची दुकाने

आरती आटोपून प्रसाद हातात पडला की आपल्या ज्येष्ठ मंडळींचा विषय ठरलेला : "आमच्या वेळी चार आण्यांत काय काय यायचे!" अमेरिकेतल्या वयस्क माणसांना असाच गहिवर 'फाइव्ह अँड डाइम' दुकानांच्या आठवणीने येतो. डाइम म्हणजे दहा सेंटचे नाणे.

फ्रँक वूलवर्थने १८७९ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्क राज्यातील युटिका येथे पाच सेंटचे दुकान काढले. ते लवकरच बंद पडले. त्याच वर्षी जूनमध्ये लँकेस्टरला काढलेले मात्र चालले. भाव ठरलेला, घासाघीस नाही, आणि माल असा उघडा मांडलेला की गिऱ्हाइकाने खुशाल हाताळून पाहावा. दहा सेंटची मर्यादा १९३२ पर्यंत टिकली. या चिल्लरीवरच वूलवर्थने १९१३ मध्ये न्यूयॉर्कची गगनचुंबी इमारत उभी केली!

पण खरी आठवण निघते ती दुकानातल्या लंच काउंटरची. लांबलचक काउंटर, समोर ओळीने स्टुले. १९६० च्या सुमारास ॲपल पायचा तुकडा १५ सेंटना, तर बनाना स्प्लिट ३९ सेंटना मिळे. ऐकूनच तोंडाला पाणी सुटते. मात्र तेव्हा तासाचे किमान वेतन अवघा १ डॉलर होते आणि बहुतेक दुकान-नोकरांना तेही लागू नव्हते. स्वस्ताईच्या गप्पांत पगार कोणी काढत नाही, आपल्याकडेही नाही!

आणि ते स्टूल सगळ्यांसाठी नव्हते. १ फेब्रुवारी १९६० रोजी नॉर्थ कॅरोलिनातील ग्रीन्सबरोच्या वूलवर्थमध्ये चार कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी टूथपेस्टसारखी किरकोळ खरेदी केली. त्यांचे पैसे गल्ल्यात गेले, पावती मिळाली. मग ते काउंटरवर बसले आणि कॉफी मागितली. ती मिळाली नाही. माल विकत घ्यायला त्यांना बंदी नव्हती, गोऱ्यांशेजारी बसून खायला होती. दुकान बंद होईपर्यंत चौघे बसून राहिले. दुसऱ्या दिवशी आणखी विद्यार्थी आले, आठवड्याभरात शेकडो. हे लोण दक्षिणेतल्या इतर शहरांत पसरले, धंदा बसला.

अखेर २५ जुलैला काउंटर सर्वांना खुले झाले. तिथे बसून खाणारे पहिले कृष्णवर्णीय गिऱ्हाईक म्हणजे त्याच दुकानातले नोकर. रोज इतरांसाठी राबणाऱ्या त्यांच्यातल्या एका बाईने त्या दिवशी स्टुलावर बसून अंड्याच्या सॅलडचे सँडविच मागवले.

अमेरिकेतली वूलवर्थची ही दुकाने १९९७ मध्ये बंद झाली. ग्रीन्सबरोच्या दुकानात २०१० पासून संग्रहालय आहे. तो काउंटर तिथेच, जागच्या जागी आहे.