हाना-कोबो साके

फुलांवरून वेगळ्या केलेल्या यीस्टने आंबवलेले जपानी तांदळाचे मद्य. जपानीत ‘हाना’ म्हणजे फूल, ‘कोबो’ म्हणजे यीस्ट. नावावरून घोटाळा होतो, पण यात पाकळ्या, अर्क किंवा अत्तर काहीही पडत नाही. तांदूळ, पाणी, कोजी बुरशी चढवलेला भात आणि यीस्ट एवढाच ऐवज.

यीस्ट : बहुतेक साके जपानी मद्यनिर्मिती संघाच्या क्रमांकित यीस्टवर होते. त्यांतले ६ क्रमांकाचे आकितामधील, तर ७ क्रमांकाचे नागानोमधील भट्टीतून आले. तोक्यो कृषी विद्यापीठात नाकाता हिसायासु यांनी भट्टीबाहेर, फुलांवर शोध घेतला. फुलावर यीस्ट मुबलक असते, पण त्यातले बहुतेक रानटी आणि अल्कोहोल जरा चढले की मान टाकणारे. साकेच्या आंबोणात अल्कोहोल १८–२० टक्क्यांपर्यंत जाते. निवडीची युक्ती कोजी बुरशीनेच पुरवली. ती यीस्टसायडिन नावाचे द्रव्य तयार करते, त्यात रानटी यीस्ट मरते आणि साकेचे तगते. असे द्रव्य असलेल्या रसात फूल बुडवून ठेवायचे. जे यीस्ट बुडबुडे काढू लागेल ते वेगळे करून छोट्या घाण्यात तपासायचे. शेकडो फुले वाया जातात.

सुरुवातीचे यश नादेशिको या कार्नेशनच्या भाऊबंदाने दिले. पुढे बेगोनिया, वेली गुलाब, सूर्यफूल, ॲबेलिया, ऱ्होडोडेंड्रॉन, स्ट्रॉबेरीचे फूल. निचिनिचिसो म्हणजे आपली दारातली सदाफुली. तीही या यादीत आहे.

गंध : सफरचंदाचा वास इथिल कॅप्रोएटचा, पिकल्या केळ्याचा आयसोअमाइल ॲसिटेटचा. दोन्ही आंबताना तयार होतात. फुलाचा स्वतःचा वास यीस्टबरोबर येतो, ही भाषा लेबलांची.

उत्पादक : सागा प्रांतातील अमाबुकी (स्थापना गेनरोकु काळात, १६८८–१७०४) आणि इबाराकीतील रायफुकु (१७१६).

अन्नाची जोड : स्ट्रॉबेरी यीस्टचे अमाबुकी गार करून, पांढऱ्या माशाच्या किंवा शिंपल्याच्या साशिमीबरोबर घेतात. सागाच्या किनाऱ्यावरील योबुकोचे माकूळ काचेसारखे पारदर्शक, जिवंतपणी कापलेले असते. त्याला सोया बेतानेच लावावा, नाहीतर गंध विझतो. मिठावर खाल्लेला भाज्यांचा तेंपुराही चालतो. उलट, आरिआके खाडीतला मुत्सुगोरो (कोकणातल्या निवटीचा सख्खा नातलग) काडीला टोचून गोड सोयात भाजतात. त्याच्यापुढे गिंजो हा नाजूक, सुगंधी साके-प्रकार फिका पडतो. तिथे किमोतो या जुन्या पद्धतीचे आंबटसर साके, कोमट करून. सागाच्या गोमांसालाही तेच. मसालेदार रश्श्याशी मात्र सहसा जमत नाही.

साठवण : न तापवलेले ‘नामा’ प्रकार फ्रिजमध्येच.

शोचू : या जपानी ऊर्ध्वपातित मद्यातही फुलांचे यीस्ट वापरतात.