तिवईचे तीन पाय

‘तीन तिघाडा, काम बिघाडा’ ही म्हण आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकली आहे. शुभकार्याला तिघांनी मिळून निघू नये, पानात तीन पोळ्या एकदम वाढू नयेत, असा आपल्या घरांतला दंडक. परंतु एक व्यवसाय असा आहे की, ज्यात तिघांवाचूनच काम बिघडते. तो व्यवसाय छायाचित्रकाराचा, आणि ते तिघे म्हणजे त्याच्या तिवईचे तीन पाय. इंग्रजी वळणाने बोलणारे तिला ट्रायपॉड म्हणतात. मुंबईच्या स्टुडिओंत ती नुसती ‘स्टँड’ असते. विषय क्षुल्लक वाटेल. पण ज्या मोठ्या काचांवरच्या चित्रांतून आपण जुनी मुंबई ओळखतो, ती चित्रे या तीन पायांवर उभी राहिली आहेत. म्हणून आज थोडी हकीकत तिवईची.

प्रथम, पाय तीनच का? उपाहारगृहातले चार पायांचे टेबल डुगडुगते आणि आपण त्याच्या पायाखाली कागदाची घडी सारतो, हा अनुभव नित्याचा आहे. तीन पायांची वस्तू कितीही खडबडीत जमिनीवर ठेवली तरी डुगडुगत नाही, कारण तीन बिंदूंतून नेहमी एकच पातळी जाते. चौथा पाय आला की त्याचे इतर तिघांशी जमेलच असे नाही. भूमितीचा हा साधा धडा छायाचित्रकारांनी आरंभापासून गिरवला.

१८३९ साली दागेरची कृती पॅरिसमध्ये जाहीर झाली. त्यानंतर पंधरा वर्षांनी, १८५४ मध्ये, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे दोघेही या मंडळात होते. नारायण दाजी तर स्वतः उत्तम छायाचित्रे घेत. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्गही लवकरच निघाला आणि त्यातून हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखे व्यावसायिक तयार झाले. आपल्या शहराने ही विद्या किती उत्साहाने उचलली, हे यावरून दिसते.

पण त्या विद्येचे कष्ट काय होते? १८५१ साली आर्चरने शोधलेल्या ओल्या काचेच्या पद्धतीत काचेवर कलोडिअनचा लेप द्यायचा, ती रौप्यक्षाराच्या द्रावणात बुडवायची आणि ओली असतानाच चित्र घेऊन धुवायची. मुंबईच्या उन्हात ती भराभर सुके. शिवाय चित्र मोठे करण्याची सोय नव्हती म्हटले तरी चालेल. काच जेवढी, तेवढेच चित्र. मोठे चित्र हवे तर मोठी काच, मोठ्या काचेला मोठा कॅमेरा, आणि त्याला पेलणारी तिवई. प्रकाश कित्येक सेकंद द्यावा लागे. तेवढा वेळ बसलेल्या माणसाची मान हलू नये म्हणून तिच्यामागे लोखंडी आधार लावीत. माणसाला लोखंडाचा टेकू आणि यंत्राला लाकडाचा, असा तो मामला होता.

पुढे कोरड्या काचा आल्या, १८८८ मध्ये ईस्टमनचा हातात धरायचा कोडॅक आला. तिवईचे दिवस संपले असे कोणास वाटले असेल, तोच चलच्चित्रे आली. ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंच्या चित्रपटांचा खेळ झाला. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा हे मुंबईतले व्यावसायिक छायाचित्रकार. त्यांनी विलायतेहून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनवर कुस्तीचे चित्रण केले. हा कॅमेरा हाताने दांडा फिरवून चालवायचा. म्हणजे ज्या यंत्राने तसूभर हलू नये, ते यंत्र चालवणाराच सारखे हलवीत राहणार! साध्या कॅमेऱ्याला धक्का बसला तर एक चित्र फुकट जाते. येथे पडद्यावर सारी दुनिया नाचू लागते.

या स्थैर्याचे मर्म दादासाहेब फाळके यांना इतरांहून अधिक कळले असावे, असे आम्हांस वाटते. चित्रपटात येण्यापूर्वी त्यांनी ब्लॉक तयार करण्याचा व्यवसाय केला. लोणावळ्याला सुरू केलेला हा उद्योग पुढे दादरला आला. ब्लॉकसाठी चित्र बारीक जाळीतून टिपावे लागते. ठिपक्याठिपक्यांचे ते काम, आणि छपाईची यंत्रे चालली की जमीन थरथरते. यावर त्या धंद्याने काढलेली युक्ती पाहण्यासारखी आहे. कॅमेरा आणि समोरचे मूळ चित्र ही दोन्ही एकाच लांब चौकटीवर बसवायची आणि ती सबंध चौकट स्प्रिंगांवर ठेवायची किंवा टांगायची. हलली तर दोन्ही एकदम हलतील, त्यांचे परस्परांतले अंतर बदलणार नाही. स्थैर्य म्हणजे न हलणे एवढेच नव्हे. पाहणारा आणि पाहिले जाणारे यांचे नाते न बदलणे, हा त्याचा खरा अर्थ.

१९१२ साली फाळके लंडनला जाऊन विल्यमसन कॅमेरा घेऊन आले. भांडवल देणाऱ्यांची खात्री पटावी म्हणून त्यांनी कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा ठेवला आणि महिन्याहून अधिक काळ त्या रोपाचे थोडे थोडे चित्रण केले. पडद्यावर साधारण मिनिटभरात बी रुजते, कोंब येतो, वेल चढतो. सेकंदाला सोळा चौकटी धरल्या, तर मिनिटाच्या चित्रात हजाराच्या आसपास चौकटी होतात. महिनाभर घरात माणसे वावरणार, मुले खेळणार, केर निघणार. आणि त्या हजार चौकटींत कुंडीची कड जागची हलता कामा नये. ‘अंकुराची वाढ’ या चित्राचे श्रेय आपण कल्पकतेला देतो, ते योग्यच आहे. थोडे श्रेय कॅमेऱ्याखालच्या आधारालाही द्यावे. या चित्राने पैसा उभा राहिला, दादरला ‘राजा हरिश्चंद्र’ तयार झाला आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावात कॉरोनेशनमध्ये लोकांपुढे आला.

आता या अनुभवाचा आजच्या माणसाला उपयोग काय? भात्याचा मोठा कॅमेरा आजही काही मंडळी हौसेने वापरतात, आणि जुन्या इमारतींची नोंद करण्यास त्याच्यासारखे साधन थोडे. त्यांच्यासाठी चार गोष्टी.

पहिली गोष्ट वजनाची. चार बाय पाच इंचांचा कॅमेरा भिंगासह तीन किलोच्या घरात जातो; आठ बाय दहाचा त्याच्या दुप्पट किंवा अधिक. कॅमेऱ्याच्या वजनाच्या दुपटीतिपटीने भार पेलेल अशीच तिवई घ्यावी. भाता लांब ओढला की वजन पुढे झुकते आणि चौपाटीच्या वाऱ्यात तो शिडासारखा फुगतो, हे विसरू नये. मधली दांडी वर चढवून उंची मिळवणे म्हणजे तीन पायांचे काम एका पायावर टाकणे. उंची पायांनी द्यावी; दांडी खालीच बरी.

दुसरी गोष्ट जिनसाची. धातूची पोकळ नळी घंटेसारखी कंप धरून ठेवते. चांगले लाकूड तो लवकर गिळते. म्हणूनच लाकडी तिवया अजून टिकून आहेत. लाकूड पावसाळ्यात फुगते, तेव्हा ते कोरडे ठेवावे. कार्बनचे पाय हलके आणि ताठ असतात. परंतु वारा असेल तर त्यांच्या मध्यावर वजनाची पिशवी टांगावी, आणि ती झुलू देऊ नये.

तिसरी गोष्ट डोक्याची, म्हणजे कॅमेरा ज्यावर बसतो त्या ‘हेड’ची. एकाच चेंडूवर फिरणारे हेड लहान कॅमेऱ्याला सोयीचे असते. मोठ्या कॅमेऱ्याखाली ते सैल केले की सगळ्याच दिशा एकदम सुटतात आणि जड यंत्र एका अंगावर कलंडते. डावे-उजवे, पुढे-मागे आणि वाटोळे अशा तिन्ही हालचाली वेगवेगळ्या कळांनी आवळता येतील, असे हेड घ्यावे. त्याची बैठक रुंद असावी आणि स्क्रू शक्यतो तीन अष्टमांश इंची. गवंडी पाणसळ आणि ओळंबा लावतो, तसे कॅमेऱ्याचे मागचे अंग ओळंब्यात आणावे. एरवी चाळीच्या उभ्या रेषा वर जाऊन एकमेकींकडे झुकतात.

चौथी गोष्ट परीक्षेची. दुकानात तिवई उभी करून माथा धरून पिळून पाहावा. पाय पीळ खात असतील तर ती घेऊ नये. मग कॅमेरा चढवून दुधी काचेवर भिंगाने एखादी बारीक रेघ पाहावी आणि पायाला बोटाने टिचकी मारावी. रेघ किती वेळात शांत होते, ती तिवईची खरी किंमत.

हे शहाणपण आम्हांस फुकट मिळालेले नाही. लालबागमधील एक चाळ पाडली जाण्यापूर्वी तिच्या तिसऱ्या मजल्यावरच्या लाकडी गॅलरीचे चित्र घेण्यास आम्ही गेलो होतो. जिना चढायचा म्हणून हलकी तिवई नेली, दांडी पुरती वर काढली आणि ती दोन तुळयांच्या मधोमध, नुसत्या फळ्यांवर उभी केली. आम्ही चित्र घेत असताना बिऱ्हाडांतली माणसे आपापल्या कामाने ये-जा करीत होती. घरी येऊन फिल्म धुतली तो प्रत्येक कठड्याला दोन कडा! पाय तुळईवर ठेवले असते, पावले थांबेपर्यंत क्षणभर वाट पाहिली असती, तर काम झाले असते. काही महिन्यांनी पुन्हा गेलो तेव्हा तेथे पत्र्याचे कुंपण होते आणि आत खड्डा. ती गॅलरी आता कोणालाच टिपता येणार नाही.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतर परळ-लालबागचे रूप पालटत गेले. गिरण्यांच्या जागी उंच इमारती उभ्या राहिल्या, गिरगावच्या वाड्याही एकेक करून जात आहेत. घराघरांत जुना ग्रुप फोटो मात्र भिंतीवर असतो: पुढे मांडी घालून बसलेली मुले, मध्ये खुर्च्यांवरची वडीलधारी, मागे बाकावर उभे तरुण. त्यातला आजोबांच्या कोटाचा काजा न् काजा मोजता येतो. काळ्या फडक्याखाली वाकलेल्या त्या छायाचित्रकाराचे नाव बहुधा कोणास आठवत नाही, आणि त्याच्या तिवईचे तर मुळीच नाही. पण त्या क्षणी साऱ्या मंडळींबरोबर तीही निश्चल उभी होती.

तेव्हा ज्यांच्याजवळ असा कॅमेरा आहे, त्यांनी जड तिवई खांद्यावर घेण्याचा कंटाळा करू नये. खांदा दुखला तर दोन दिवसांत बरा होतो. पडलेली चाळ पुन्हा चित्रासाठी उभी राहत नाही.