पणजोबांचा शोध आणि जळालेले दप्तर

आयर्लंडमध्ये १८४५ साली बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि पुढची सहा-सात वर्षे देश दुष्काळात होरपळला. सुमारे दहा लाख माणसे मेली, दहा लाखांहून अधिक देश सोडून गेली. १८४१ च्या जनगणनेत सुमारे ८२ लाख असलेली लोकसंख्या १८५१ मध्ये सुमारे ६५ लाखांवर आली. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियात गेलेल्यांचे वंशज आज आपले मूळ गाव शोधू पाहतात. बहुतेकांचा शोध काही पिढ्यांमागे जाऊन थांबतो. असे का होते?

पहिले कारण म्हणजे एक आग. डब्लिनमधील ‘फोर कोर्ट्स’ या न्यायालयांच्या आवारात सरकारी अभिलेखागार होते. १९२२ च्या यादवी युद्धात एका गटाने हे आवार ताब्यात घेतले, दुसऱ्याने त्यावर तोफा डागल्या. ३० जून रोजी तिथे प्रचंड स्फोट झाला आणि कित्येक शतकांचे दप्तर जळाले. कागदांचे जळके तुकडे शहरभर पडत होते.

पण सगळा दोष आगीला देता येत नाही. १८२१ ते १८५१ च्या चार जनगणनांचे बहुतेक कागद आगीत गेले हे खरे. १८६१ आणि १८७१ चे कागद मात्र आकडेवारी काढून झाल्यावर सरकारनेच नष्ट केले होते. १८८१ आणि १८९१ च्या कागदांचा पहिल्या महायुद्धाच्या काळात लगदा झाला. त्यामुळे संपूर्ण देशाची टिकलेली सर्वांत जुनी जनगणना १९०१ ची आहे.

चर्चच्या नोंदवह्यांची गोष्ट आणखी विचार करायला लावणारी आहे. प्रॉटेस्टंट ‘चर्च ऑफ आयर्लंड’च्या नोंदवह्यांना कायद्याने सरकारी दस्तऐवजांचा दर्जा मिळाला. सुरक्षित राहाव्यात म्हणून अनेक चर्चांच्या वह्या डब्लिनला आणल्या गेल्या आणि तिथेच जळाल्या. कॅथलिक चर्चच्या वह्या मात्र आपापल्या गावीच होत्या, म्हणून त्या वाचल्या. पण कॅथलिकांवर दीर्घकाळ कायद्याची बंधने होती. त्यामुळे त्यांच्या वह्या उशिरा सुरू होतात. गरीब पश्चिम भागात अनेक ठिकाणी तर १८२० नंतर. सर्वांच्या जन्म-मृत्यूची सरकारी नोंद १८६४ मध्ये सुरू झाली. म्हणजे दुष्काळात मेलेल्या बहुसंख्य गरिबांच्या मृत्यूची सरकारदरबारी नोंदच नव्हती. ती जळण्याचा प्रश्नच येत नाही.

मग संशोधक काय करतात? ते करवसुलीच्या कागदांकडे वळतात. १८४७ ते १८६४ या काळात रिचर्ड ग्रिफिथ यांच्या देखरेखीखाली देशभरातील जमीन आणि घरांचे मूल्यांकन झाले. त्याचे खंड छापलेले होते, म्हणून ते टिकले. पण त्यांत जमीन किंवा घर ज्याच्या नावावर, त्याचेच नाव आहे. बायको, मुले, आजी, गडीमाणसे यांचा पत्ता नाही. कर बसवणाऱ्याला त्यांच्याशी कर्तव्य नव्हते.

नावांचा घोळ वेगळाच. आयरिश भाषेतील नावे कारकून इंग्रजीत कानाला येईल तशी लिहीत. ‘ओ’ आणि ‘मॅक’ ही उपपदे कधी गळत, कधी परत येत. ‘मॅक गव्हन’ म्हणजे लोहाराचा मुलगा. त्याचे कुठे ‘मॅगोवन’ झाले, तर कुठे सरळ भाषांतर होऊन ‘स्मिथ’. कॅथलिक पाद्री लॅटिनमध्ये लिहीत, म्हणून जेम्सचा ‘जेकोबस’ होई. त्यातच थोरल्या मुलाला आजोबांचे नाव ठेवण्याची रीत. त्यामुळे एकाच गावात एकाच नावाचे चार चुलतभाऊ सापडतात. आणि परदेशातल्या कागदांवर जन्मस्थान म्हणून बऱ्याचदा नुसते ‘आयर्लंड’! साठ हजारांहून अधिक वाड्या-गावांच्या देशात शोध सुरू कुठून करायचा?

वयावरही विसंबता येत नाही. जानेवारी १९०९ पासून सत्तरीवरच्या गरिबांना सरकारी पेन्शन मिळू लागले. अर्जदारांकडे जन्मदाखले नव्हतेच. काही जण १९०१ ते १९११ या दहा वर्षांत कागदावर दहाहून जास्त वर्षांनी म्हातारे झालेले दिसतात! पण याच पेन्शनमुळे एक फायदाही झाला. वयाचा पुरावा म्हणून १८४१ आणि १८५१ च्या जनगणनांतून उतारे काढले गेले होते. मूळ कागद जळाले, पण पेन्शनच्या फायलींत त्या उताऱ्यांतले बरेच टिकून राहिले. ज्यांनी पेन्शन मागितले त्यांच्या घरची माहिती अशी वाचली.

आगीला शंभर वर्षे झाली तेव्हा, जून २०२२ मध्ये, डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या पुढाकाराने जळालेल्या दप्तराचे संगणकावरील रूप खुले झाले. जगभरच्या संग्रहांत विखुरलेल्या नकला, उतारे आणि सूची जमवून ते उभे केले आहे. तरीही ज्यांच्याकडे जमीन नव्हती, ज्यांनी अर्ज केला नाही, ज्यांची नोंद कुणी घेतलीच नाही, त्यांची नावे त्यातून परत येणार नाहीत.

म्हणून इतिहासाचा कोणताही कागद वर्गात वाचताना दोन प्रश्न विचारायला हवेत. हा कागद कुणी, कशासाठी लिहिला? आणि त्यात कुणाचे नाव यायची शक्यताच नव्हती?