पॅकिंग: जावाच्या इंजिनातला कागद आणि त्याचा इतिहास

आजचा विषय ऐकायला अगदी किरकोळ वाटेल. गॅस्केट. आपल्याकडच्या गॅरेजात याला सरळ ‘पॅकिंग’ म्हणतात. धातूच्या दोन भागांमध्ये बसणारा कागदाचा, बुचाचा किंवा तांब्याचा पातळ तुकडा. इंजिन खोललं की तो फाटतो, कचऱ्यात जातो आणि नवा बसतो. याचा कसला आलाय इतिहास, असं कुणीही विचारेल. पण गेले काही महिने मी एक जुनी जावा उभी करतोय, आणि या गाडीचं सगळ्यात जास्त काम कुठे अडलं असेल तर ते पॅकिंगपाशी. म्हणून आज जरा मागे जाऊ.

गॅस्केट हा शब्द मुळात खलाशांचा. गुंडाळलेलं शीड काठीला बांधून ठेवायच्या दोरीला इंग्रज खलाशी गॅस्केट म्हणत. पुढे वाफेची इंजिनं आली. सिलिंडर आणि दट्ट्या यांच्यामधल्या फटीतून वाफ निसटायची. मग तिथे अंबाडीसारख्या तागाची वेणी चरबीत भिजवून ठासून भरायला लागले. दोरीचं नाव तिथे चिकटलं, आणि काम बदललं तरी नाव तेच राहिलं. जेम्स वॅटची अर्धी डोकेदुखी हीच होती. १७७० च्या दशकात जॉन विल्किन्सनने सिलिंडर आतून नीट गोल कोरायचं यंत्र केलं, तेव्हा कुठे वॅटचं इंजिन व्यवहारात चालायला लागलं. म्हणजे काय, तर धातू जितका अचूक तितकं पॅकिंगचं ओझं कमी. पण ते शून्य कधीच होत नाही.

वाफ जास्त गरम आणि जास्त दाबाची झाली, तशी ताग-चरबी जळायला लागली. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी व्हिएन्नात रिचर्ड क्लिंगरने ॲस्बेस्टॉसचे तंतू रबरात दाबून त्याचे पत्रे तयार केले. उष्णता सोसणारे, कात्रीने कापता येणारे. पुढची बरीच वर्षं जगभरच्या इंजिनांत या जातीचं पॅकिंग बसत राहिलं. या ॲस्बेस्टॉसकडे आपण परत येणार आहोत, लक्षात ठेवा.

आता जावा. फ्रांटिशेक यानेचेक हा चेक माणूस शस्त्रं बनवायचा. पहिलं महायुद्ध संपलं, मागणी घटली, म्हणून १९२९ साली त्याने जर्मनीच्या वांडरर कंपनीकडून मोटारसायकलचं डिझाइन घेतलं. यानेचेकचा ‘जा’ आणि वांडररचा ‘वा’. झालं नाव. १९५० च्या दशकात मुंबईचे रुस्तम आणि फारोख इराणी या गाड्या आयात करत होते. आयातीवर निर्बंध आले, तेव्हा त्यांनी म्हैसूरला आयडियल जावा ही कंपनी काढली. १९६१ मध्ये तिचं उद्घाटन झालं ते तेव्हाचे राज्यपाल जयचामराजेंद्र वाडियार यांच्या हस्ते. १९७० च्या दशकात टाकीवरचं नाव येझदी झालं. इराणमधल्या याझ्द शहरावरून ते नाव घेतलेलं, आणि इराणी कुटुंबाचं मूळ पाहिलं तर ते साहजिकच होतं. १९७८ ला रोडकिंग आली, आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला.

ही तारीख आपल्या विषयासाठी महत्त्वाची आहे. कारखाना गेला, पण गाड्या गेल्या नाहीत. कोल्हापूर, पुणे, बेळगाव कुठेही जा, जावा-येझदीवाले भेटतात. क्रँक, पिस्टन, गिअर हे भाग जुन्या गाड्यांतून काढून फिरवता येतात. पॅकिंग मात्र जुनं परत वापरता येत नाही. म्हणजे कारखाना बंद झाल्यानंतर या गाड्या चालत्या राहिल्या, त्यामागे छोट्या वर्कशॉपांत पंच होऊन येणाऱ्या पॅकिंग सेटचा मोठा हात आहे. आणि सेट मिळाला नाही तिथे मेस्त्रीच्या हातोडीचा. ती पद्धत अजून चालते. क्रँककेसच्या कडेवर जाड कागद धरायचा, गोल तोंडाच्या छोट्या हातोडीने कडेकडेने हलके टोले द्यायचे, आणि धातूची कडच कागद कापून देते. मी हे बघायला दोन तास उभा होतो, आणि मेस्त्रींनी पंधरा मिनिटांत तीन पॅकिंगं काढली.

पण टू-स्ट्रोक इंजिनात पॅकिंगला एवढं महत्त्व का? इथे जरा नीट समजून घ्या. बुलेटसारख्या फोर-स्ट्रोकमध्ये खालचं पॅकिंग गेलं तर बहुतेक वेळा ऑइल गळतं, फरशी घाण होते, गाडी चालत राहते. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस हाच पंप असतो. पिस्टन वर जाताना खाली पेट्रोल-हवा ओढली जाते, खाली येताना तीच दाबून वर सिलिंडरमध्ये जाते. त्यामुळे सिलिंडरखालचं पॅकिंग, दोन क्रँककेसमधला जोड किंवा कार्ब्युरेटरच्या फ्लँजचं पॅकिंग कुठेही सुटलं, तर फुकटची हवा आत येते. हवा जास्त म्हणजे मिश्रण पातळ. पातळ मिश्रण तापतं, आणि पेट्रोलबरोबर येणारं ऑइलही कमी पडतं. शेवटी पिस्टन सिलिंडरमध्ये जाम होतो, तोही बहुतेकदा चालू रस्त्यावर, मागचं चाक लॉक करून. पॅकिंगच्या तुकड्यावर चालवणाऱ्याचा जीव असतो तो असा.

लक्षणं आधी दिसतात. ॲक्सिलरेटर सोडला तरी इंजिनाचा वेग पटकन खाली येत नाही. प्लग पांढरट येतो. जावामध्ये आणखी एक गोष्ट. डाव्या कव्हरमागे प्रायमरी चेन आणि क्लच तेलात असतात, आणि त्याच्या आत क्रँकचं सील. खाली थेंब पडत नाही, तरी गिअर ऑइल कमी होतंय आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर येतोय, तर ते तेल क्रँककेसमध्ये ओढलं जातंय असं समजा. उजवीकडे डायनॅमोच्या बाजूचं सील गेलं तर तेल नाही, हवा येते. त्यामुळे नुसतं पॅकिंग बदलून सील जुनीच ठेवली, तर अर्धं काम झालं.

जाडीचंही बघा. २५० सीसी जावाचा बोअर ६५ मिलिमीटर, स्ट्रोक ७५. सिलिंडरखाली अर्धा मिलिमीटर जास्त जाड पॅकिंग घातलं, तर वरच्या पोकळीत सुमारे १.७ सीसी जागा वाढते आणि कॉम्प्रेशन कमी होतं. वर पोर्टसुद्धा तेवढे वर सरकतात, म्हणजे उघडण्या-मिटण्याची वेळ बदलते. ‘गळू नये म्हणून जाड घाल’ हा सल्ला त्यामुळे घेऊ नये. जोड सपाट नसेल तर जाड काचेवर पॉलिश पेपर ठेवून आधी फेस सरळ करायचा. सगळं बसवल्यावर इनलेट आणि एक्झॉस्ट बंद करून पाच-सहा पीएसआय हवा भरा आणि जोडांवर साबणाचं पाणी लावा. बुडबुडा आला की कळलं.

आता ॲस्बेस्टॉस. जुनं पॅकिंग धातूला चिकटून बसतं. मग ते खरवडतात, पॉलिश पेपर मारतात आणि कंप्रेसरच्या हवेने उडवतात. जुन्या पॅकिंगमध्ये, क्लच प्लेटमध्ये, ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याची दाट शक्यता असते. त्याची धूळ फुप्फुसात गेली तर कर्करोग होऊ शकतो, आणि तोही कित्येक दशकांनी. ब्रिटनने १९९९ मध्ये यावर बंदी आणली, युरोपीय संघात २००५ पासून बंदी आहे. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली ॲस्बेस्टॉस कामगारांबद्दल निकाल दिला. कामगाराच्या आरोग्याची नोंद कामाला लागल्यापासून किमान ४० वर्षं, किंवा काम सुटल्यावर १५ वर्षं, यांतलं जे नंतर येईल तोवर ठेवायची. निकाल मोठाच होता. पण कारखान्याला रजिस्टर असतं. रस्त्याकडेच्या गॅरेजात तीस वर्षं पॅकिंग खरवडणाऱ्या माणसाची नोंद कुठल्या रजिस्टरमध्ये आहे?

जुन्या गाड्यांच्या इतिहासात आपण कंपन्यांची, मॉडेलांची नावं घेतो. कारखाना बंद झाल्यावर ज्यांनी त्या गाड्या जिवंत ठेवल्या, त्यांनी ही धूळ खाल्ली, आणि त्यांना कुणी सांगितलंही नव्हतं. म्हणून आमच्या गॅरेजात आता ठरलंय. जुनं पॅकिंग आधी ओलं करायचं, मग काढायचं. हवा मारायची नाही, कोरडा पेपर मारायचा नाही, तोंडावर नुसता रुमाल न बांधता चांगला मास्क लावायचा, आणि निघालेला चुरा ओल्या फडक्यात गुंडाळून पिशवीत बंद करायचा. दुकानात जुन्या स्टॉकचा ‘ओरिजिनल’ सेट दाखवला, तरी बिन-ॲस्बेस्टॉसचा नवाच मागा. गाडी त्याने कमी अस्सल होत नाही. मेस्त्री आधी हसले, मग त्यांनीच पाण्याची बाटली टेबलावर आणून ठेवली.

पुढच्या भागात याच इंजिनाच्या कार्ब्युरेटरबद्दल बोलू. तोवर तुमच्या ओळखीत कुणी जुनं इंजिन खोलत असेल, तर ही पाण्याच्या बाटलीची गोष्ट त्याला नक्की सांगा. भेटू.