बिननावाचा शिकारी

अमेरिकेचे अध्यक्ष अब्राहम लिंकन कविता लिहीत असत. १८४६ च्या सुमारास त्यांनी अस्वलाच्या शिकारीवर एक कविता लिहिली. तिच्यात आखूड पायांचा एक छोटा कुत्रा आहे. बाकीच्यांनी अस्वल मारल्यावर हा मागाहून पोचतो आणि शिकार आपलीच असल्याच्या थाटात गुरगुरतो! मी कविता करणारा माणूस. अध्यक्षमहाशयांपेक्षा माझे लक्ष त्या कुत्र्याकडेच गेले.

या कुत्र्यांना तिकडे 'फाइस्ट' म्हणतात. वजन फार तर १३-१४ किलो. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या डोंगराळ भागातल्या साध्या शेतकऱ्यांनी ते खारीच्या शिकारीसाठी पाळले. कुत्रा खारीला झाडावर चढायला लावतो आणि बुंध्याशी उभा राहून भुंकत राहतो. खार हुशार; माणूस दिसला की ती खोडाच्या पलीकडच्या बाजूला सरकते. पण एका बाजूला कुत्रा आणि दुसऱ्या बाजूला माणूस असला की तिला आडोसा उरत नाही. पिल्लू थोडे मोठे झाले की त्याला जाणत्या कुत्र्याबरोबर रानात नेतात. नाक, कान आणि डोळे तिन्ही वापरायला ते तिथे शिकते. रिकाम्या झाडाखाली भुंकायची खोड लागली तर मात्र ते कामाचे राहत नाही. म्हणजे सगळ्या शिक्षणाचा भर खरे बोलण्यावर! पिढ्यान्‌पिढ्या कागदावर नसलेल्या या कुत्र्यांची तिथल्या युनायटेड केनेल क्लबने १९९८ मध्ये 'ट्रीइंग फाइस्ट' या नावाने नोंद केली.

आपल्याकडे शिकारी कुत्रा म्हटले की कारवानीचे नाव निघते. लांब तोंड, खपाटीला गेलेले पोट, उंच पाय आणि वाऱ्यासारखी धाव. लातूरकडच्या शेतकऱ्यांनी कारवानी आणि लांब केसांची पश्मी या जाती जपल्या. सशाला धावून गाठणे हे त्यांचे काम. मध्य आशियातून आलेल्या तांड्यांबरोबर त्यांचे पूर्वज इकडे आले, असे मानतात. नावातला 'कारवान' ही त्याचीच खूण. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी त्यांना आश्रय दिला आणि हाच कुत्रा 'मुधोळ हाउंड' झाला. ९ जानेवारी २००५ रोजी टपाल खात्याने देशी कुत्र्यांची चार तिकिटे काढली, त्यांत मुधोळ होता. पुढे लष्कराच्या मेरठच्या केंद्रात त्याला प्रशिक्षणही मिळाले. राजाश्रय लाभला की कुत्र्यालाही इतिहास मिळतो.

पण खारीमागे जाणारा आपला कुत्रा कोणता? त्याला शोधायला मला मालाडहून फार लांब जावे लागले नाही. आज मालाड म्हटले की मॉल, लिंक रोड आणि लोकलची गर्दी. इंग्रजी अमलात मात्र ते ठाणे जिल्ह्याच्या साष्टी तालुक्यातले एक गाव होते. पश्चिमेला खाडी, पूर्वेला डोंगर आणि जंगल. या मुलखात वारली आणि कातकरी राहत आले. खैरापासून कात काढणारे म्हणून ते कातकरी. १८७८ च्या वन कायद्यानंतर सरकारची जंगलावरची पकड घट्ट झाली आणि रानावर जगणाऱ्यांचे हात बांधले गेले. मग मजुरी, वीटभट्टी आणि जोडीला जमेल ती शिकार. घूस, उंदीर, ससा, खार हे त्यांचे अन्न. हातात बेचकी आणि सोबत एखादा मध्यम चणीचा, उभ्या कानांचा, शेपटी वर वळलेला कुत्रा. वारली चित्रांतल्या शिकारीतही तो धावताना दिसतो.

राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला एका पाड्यावर एका म्हाताऱ्या वारलीबाबांशी माझे बोलणे झाले. मी विचारले, "बाबा, कुत्र्याला शिकार कशी शिकवायचात?" ते हसले. "शिकवायचं काय त्यात, दादा? आईच्या मागं रानात गेलं की शिकतं." आणि त्याची जात? "कुत्र्याची जात कुत्रा!"

फाइस्ट आणि हा कुत्रा, दोघांचे काम एकच. पण एकाचे नाव वहीत चढले. दुसऱ्याला इंग्रजांनी नाव दिले ते 'परिया डॉग'. तमिळ मुलखातल्या परैयर या अस्पृश्य मानलेल्या जातीच्या नावावरून हा शब्द आला. माणसाचा अपमान कुत्र्याला आणि कुत्र्याचा माणसाला, असा एकाच शब्दात दुहेरी अपमान! आपण मराठीत 'गावठी' म्हणतो, त्यातही कौतुक कमीच.

शहरात तर तो 'बेवारशी' ठरला. मुंबईत एका कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस देऊन कुत्रे मारले जात. जून १८३२ मध्ये त्याविरुद्ध पारशी मंडळी रस्त्यावर उतरली, दंगल झाली. १८३४ मध्ये सर जमशेटजी जीजीभाईंच्या पुढाकाराने मुंबईत पांजरपोळ उभा राहिला तो याच घटनांमागून.

रानातले कामही पुढे संपले. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातली १९९१ ची दुरुस्ती यांनी शिकार बंद झाली. ते योग्यच झाले. शेकरू हा ज्या महाराष्ट्राचा राज्यप्राणी, तिथे खारीवर कुत्रे सोडणे कोणाला शोभेल? पण हातचे काम गेलेला हा शिकारी आता उकिरड्यावर जगतो आणि उद्यानाच्या कडेला रात्री बिबट्याचा घास होतो. २००१ च्या आणि आता २०२३ च्या नियमांनुसार त्याची नसबंदी आणि लसीकरण करून त्याला त्याच्याच गल्लीत सोडायचे असते. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांवरून देशभर वाद पेटला. चावा घेतलेल्या मुलाची वेदना खोटी नाही. रेबीज झाला की जवळपास मरणच. म्हणूनच लसीकरणात हयगय नको. मात्र ज्याला आपण उपरा म्हणतो, तो इथल्या बहुतेक इमारतींच्या आधीचा रहिवासी आहे, एवढे विसरू नये. नाव नाही, पत्त्याचा पुरावा नाही म्हणून हुसकले जाणे काय असते, हे मालाडच्या वस्त्यांना सांगावे लागत नाही.

आमच्या घरी कुत्र्याला आत घेत नसत. लाळ लागली की भांडे धुवायचे, हा रिवाज. पण शिकवलेल्या जनावराने अल्लाहचे नाव घेऊन धरलेली शिकार कुराणाने खायला मोकळी ठेवली आहे. गुहेत झोपलेल्या श्रद्धावंतांच्या कथेतही उंबऱ्याशी पाय पसरून बसलेला कुत्रा आहे. इकडे खंडोबाचा भक्त स्वतःला वाघ्या म्हणवतो आणि दत्ताच्या पायांशी चार कुत्रे असतात. उंबऱ्यापाशी त्याची जागा सगळ्यांनीच मान्य केली आहे.

तेव्हा मित्रहो, कुत्रा पाळायचे मनात असेल तर हजारो रुपये मोजून परदेशी जात आणण्याआधी गल्लीतल्या पिल्लाकडे पाहा. इथला उन्हाळा-पावसाळा त्याच्या अंगवळणी पडलेला आहे. त्याला लस द्या, थोडे अन्न द्या आणि एक नाव द्या. इतकी शतके त्याचे तेवढेच राहून गेले आहे.