उन्हाळी, तहान आणि चवदार तळे

मराठीत ‘उन्हाळी लागणे’ असा एक वाक्प्रचार आहे. ऋतूचे नावच येथे व्याधीचे नाव झाले. उन्हात दिवसभर राबलेल्या माणसाला लघवी थोडी, गडद आणि जळजळत होऊ लागली, की घरातले वडीलधारे ‘उन्हाळी लागली’ म्हणतात आणि धन्याजिऱ्याचे पाणी पुढे करतात. रंग पाहून तहान ओळखणारी ही भाषा आहे.

शास्त्रानेही हा रंग वाचला. चरकसंहितेतील पित्तज प्रमेहांची नावे पाहावीत: नीलमेह, कालमेह, मांजिष्ठमेह, हारिद्रमेह. जणू रंगाऱ्याची यादीच. ‘योगरत्नाकरा’त पहाटेचे मूत्र काचपात्रात घेऊन त्यावर तेलाचा थेंब सोडण्याची रीत सांगितली आहे, थेंब पसरला तर रोग साध्य, बुडाला तर असाध्य. आज या थेंबावर कोणी विसंबू नये. रंगाचे मात्र तसे नाही. शरीरात पाणी कमी पडले की मूत्रपिंडे ते राखून ठेवतात, आणि युरोबिलिन हे पिवळे द्रव्य थोड्या पाण्यात दाट होते. १९९४ मध्ये अमेरिकेत लॉरेन्स आर्मस्ट्राँग आणि सहकाऱ्यांनी यावरून आठ छटांचा तक्ता मांडला. अर्थात रंग फसवतोही. क्षयावरील रिफाम्पिसिनने लघवी नारिंगी होते, बिटाने तांबूस. ती चहासारखी काळसर आणि डोळे पिवळे असतील तर तहान नव्हे, काविळीची शंका घ्यावी; पुराच्या पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसमध्येही कावीळ होऊ शकते, आणि सावित्रीकाठच्या महाडला पूर नवे नाहीत.

महाडच्या इतिहासात मूत्राचा उल्लेख येतो, पण तो गाईच्या. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि परिषदेला आलेले हजारो लोक चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ मध्येच संमत झाला होता. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे सर्वांना खुले केले होते, कागदावर. त्यानंतर तळे ‘शुद्ध’ करण्यासाठी शेण, गोमूत्र, दूध, दही यांचे १०८ घडे त्यात ओतले गेले. पशूचे मूत्र पाण्याला पावन करते आणि माणसाची ओंजळ बाटवते, हा तो हिशेब.

आपण साहित्याची माणसे या प्रसंगातील पाण्याला फार लवकर प्रतीक करतो. त्याला आधार खुद्द बाबासाहेबांचाच आहे: डिसेंबर १९२७ च्या परिषदेत त्यांनी स्पष्ट केले की हे पाणी न पिता आम्ही मेलो नव्हतो, आम्हीही माणसे आहोत हे सिद्ध करण्यासाठी तळ्यावर जायचे आहे. राजकीय भूमिका म्हणून ते अचूकच होते. तहान मान्य केली असती तर उत्तर म्हणून निराळी विहीर पुढे आली असती, आणि दया हा हक्काला पर्याय ठरला असता. पण त्याच मार्च परिषदेच्या हकिकतीत एक रुक्ष आकडा आहे. प्रतिनिधींच्या पिण्यासाठी स्वागत समितीला स्पृश्यांकडून चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. तळे त्याच गावात होते. कोकणातला मार्च, घाट-डोंगर तुडवून पायी आलेली माणसे आणि मोजून घेतलेले पाणी: तहान प्रतीक होण्याआधी या आकड्यात देहाने हजर आहे. त्या माणसांना उन्हाळी लागली का, हे कोणत्याही वृत्तांताने नोंदवलेले नाही. तशी अपेक्षाही नसते. वाचकाने मात्र तो आकडा ओलांडून थेट ‘समते’कडे जाऊ नये असे मला वाटते.

तळ्यावरचा हक्क मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी मान्य केला. म्हणजे ओंजळीनंतर जवळजवळ दहा उन्हाळे गेले. महाड-पोलादपुरात पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तो उतारावरून सावित्रीत जातो, आणि एप्रिल-मेमध्ये डोंगरवाड्यांना आजही टँकरची वाट पाहावी लागते.